हिमाद्रीला निघालात? आर्क्टिकच्या पहिल्या फिल्डवर्कची पूर्वतयारी

आर्क्टिकला जायचं ठरलं की घरचे थंडीबद्दल विचारतात आणि मित्र अस्वलाबद्दल. थंडीचा बंदोबस्त कपड्यांनी होतो आणि अस्वल बहुतेकांना दिसतही नाही. नवख्यांचं काम अडतं ते व्हिसावरच्या एका रकान्यामुळे, विमानाच्या वजनमर्यादेमुळे आणि वेळेत न मागितलेल्या परवानगीमुळे. हे सगळं भारतातच, तेही निघण्याच्या बरंच आधी निस्तरता येतं. पण ते एका जागी लिहिलेलं सापडत नाही, सीनियरांना विचारत फिरावं लागतं. म्हणून हा लेख.

पीएचडी करणारे, नुकते प्राध्यापक झालेले, किंवा एखाद्या प्रकल्पावर काम करणारे आणि उन्हाळ्याच्या मोसमात पहिल्यांदाच हिमाद्रीला जाणारे संशोधक डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे.

थोडी पार्श्वभूमी. हिमाद्री हे भारताचं आर्क्टिकमधलं संशोधन केंद्र. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या नी-ओलेसुंड या चिमुकल्या वस्तीत ते आहे. अक्षांश जवळजवळ ७९ उत्तर, उत्तर ध्रुव तिथून साधारण १२०० किलोमीटर. भारताची पहिली आर्क्टिक मोहीम २००७ मध्ये गेली आणि १ जुलै २००८ रोजी हिमाद्री सुरू झालं. सगळा कारभार चालतो तो गोव्यातून, वास्कोच्या हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून, म्हणजे ‘एनसीपीओआर’मधून. डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळी मोहिमाही जाऊ लागल्या, पण त्या काळोखाची तयारी हा वेगळा विषय आहे.

नी-ओलेसुंड मुळात कोळशाच्या खाणीचं गाव. १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ कामगार गेले, खाण बंद पडली आणि पुढे गाव संशोधनाकडे वळलं. आजही गावाची मालकी ‘किंग्ज बे’ या नॉर्वे सरकारच्या कंपनीकडे आहे. राहणं, जेवण, विमान, बोट, बंदूक, गोदाम अशा प्रत्येक गोष्टीसाठी शेवटी याच कंपनीशी गाठ पडते.

१. प्रपोजल: ‘आर्क्टिकच का?’ याचं उत्तर आधी

एनसीपीओआर प्रस्ताव मागवतं, त्यातून निवड होते. परीक्षकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हेच काम हिमालयात का नाही होणार? ‘हवामानबदलाचा अभ्यास’ या दोन शब्दांवर कुणी पाठवत नाही. तिथे आधीपासून चाललेल्या मोजमापांशी तुमचं काम जोडून दाखवलंत तर बाजू भक्कम होते. गावालगतच्या कोंग्सफ्योर्ड या फ्योर्डच्या (समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या) पाण्यात भारताने २०१४ मध्ये ‘इंडआर्क’ ही वेधशाळा सोडली. वेस्त्रे ब्रॉगरब्रीन हिमनदीच्या बर्फाचा जमाखर्च मोजला जातो. गावाबाहेरच्या ग्रुवेबादेत प्रयोगशाळेत हवेतल्या सूक्ष्म कणांवर काम चालतं. यांची जुनी आकडेवारी वाचून मगच लिहायला बसा.

मोसमाची निवड इथेच करायची असते आणि तीच नेमकी निष्काळजीपणे होते. हिवाळ्यात साठलेला बर्फ मोजायचा असेल तर एप्रिल-मे. वितळ, ओढे, सूक्ष्मजीव, फ्योर्डचं पाणी हवं असेल तर जुलै-ऑगस्ट. एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही, त्यामुळे उजेडाची चिंता नको. कॉलेजला सुट्टी आहे म्हणून मे महिना धरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना हवी असलेली माती तेव्हा बर्फाखाली होती.

बोटीचे किती तास लागतील, फ्रीझर किती उणे तापमानाचा हवा, प्रयोगशाळेत किती दिवस टेबल हवं, हे प्रपोजलमध्येच लिहा. उन्हाळ्यात या सगळ्यासाठी अनेक देशांचे लोक रांगेत असतात.

२. परवानग्या: तिकिटाच्या आधी

निवड झाली म्हणजे काम झालं असं नाही. स्वालबार्डमधला प्रत्येक संशोधन प्रकल्प ‘रिसर्च इन स्वालबार्ड’ या ऑनलाइन नोंदवहीत टाकावा लागतो. सगळे तिला ‘रिस’ म्हणतात. तिथे मिळालेला क्रमांक पुढे प्रत्येक अर्जावर लागतो, तेव्हा तो फोनमध्ये नव्हे, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

गावाबाहेर काम असेल तर स्वालबार्डच्या गव्हर्नरच्या कार्यालयाला कळवावं लागतं. वनस्पती, प्राणी किंवा पक्षी यांना हात लावायचा असेल, संरक्षित भागात जायचं असेल किंवा एखादं उपकरण जमिनीत रोवून ठेवायचं असेल, तर वेगळी परवानगी. या कार्यालयाला विम्याचाही पुरावा हवा असतो. साधा प्रवास विमा त्यासाठी चालत नाही. शोध आणि बचाव, म्हणजे हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचा खर्च त्यात असायला हवा. आपल्याकडचा विमा एजंट हे ऐकून आधी बुचकळ्यात पडेल. पॉलिसीच्या कागदावर ते शब्द छापलेले आहेत ना, हे स्वतः वाचून घ्या.

ड्रोन न्यायचा विचार असेल तर तो आधी मनातून काढून टाका. अगदीच गरज असेल तर त्याचा अर्ज सगळ्यात आधी करा.

विद्यापीठाची एनओसी आणि परदेश दौऱ्याची मंजुरी तुमच्या ऑफिसच्या वेगाने येणार, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. फाइल ज्या टेबलावर आहे तिथे स्वतः जाऊन उभं राहा.

३. व्हिसा: एकच रकाना नीट बघा

सगळ्यात मोठा सापळा इथे आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

१९२० च्या स्वालबार्ड करारामुळे या बेटांवर जायला कुणालाही व्हिसा लागत नाही. भारत तेव्हापासून त्या करारात आहे, ब्रिटिशांच्या राज्यात असतानाच सही झाली. हे वाचून काहीजण निर्धास्त होतात. पण तिथे पोहोचायचा रस्ता नॉर्वेतल्या ऑस्लो आणि ट्रॉम्सोवरून जातो, म्हणजे शेंगेन प्रदेशातून, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून. आणि स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे, नॉर्वेचं असूनही.

म्हणजे काय होतं बघा. मुंबईहून निघून फ्रँकफर्टला किंवा ऑस्लोला उतरलात, ती शेंगेनमधली पहिली एंट्री. लाँगइयरब्येनच्या, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य गावाच्या विमानात बसताना पासपोर्ट तपासला जातो आणि तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता. परतताना पुन्हा आत, ही दुसरी एंट्री. व्हिसा एकाच एंट्रीचा असेल तर तुम्ही स्वालबार्डला पोहोचाल, पण परतीच्या वाटेवर अडकाल. व्हिसाच्या स्टिकरवर एंट्रीच्या रकान्यात किमान ‘०२’ हवं, ‘मल्ट’ (कितीही प्रवेश) असेल तर उत्तम. घरी काही झालं, मध्येच येऊन परत जावं लागलं, तर दोन एंट्र्याही पुरत नाहीत.

अर्ज नॉर्वेच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर भरायचा, शुल्क तिथेच, आणि कागद द्यायला मुंबईत व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीकडे जायचं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियमाने निर्णय १५ दिवसांत व्हायला हवा, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो आणि मे-जूनमध्ये सगळा भारत युरोपला निघालेला असतो. सोबतच्या पत्रात ‘स्वालबार्ड शेंगेनबाहेर असल्याने किमान दोन प्रवेशांचा व्हिसा आवश्यक आहे’ हे वाक्य स्पष्ट टाका. काउंटरवरच्या मुलाला ते ठाऊक असेलच असं नाही. एका ट्रॅव्हल एजंटने तर मला ठामपणे सांगितलं होतं की नॉर्वेच्या आतच फिरायचं आहे, तर एक एंट्री पुरे. त्याच्या बोलण्यात तसं तर्काला धरून नसलेलं काही नव्हतं.

पासपोर्ट हातात आला की काउंटर सोडण्याआधी तो रकाना बघा.

फाइलमध्ये हे कागद ठेवा, दोन प्रती छापून:

- पासपोर्ट (परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला)
- व्हिसाच्या पानाची झेरॉक्स
- एनसीपीओआरचं मोहिमेचं पत्र आणि संस्थेची एनओसी
- किंग्ज बेकडचं राहण्याचं बुकिंग
- ‘रिस’ क्रमांक आणि गव्हर्नरच्या कार्यालयाची उत्तरं
- किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा (हा व्हिसासाठी) आणि बचावखर्चाचा वेगळा विमा
- उपकरणांची यादी: मॉडेल, सिरियल नंबर, किंमत
- नेहमीच्या औषधांचं डॉक्टरांच्या सहीचं प्रिस्क्रिप्शन

४. सामान: वजनकाटा घरी आणा

मोठ्या विमानाने दोन बॅगा नेता येतात, म्हणून लोक दोन बॅगा भरतात. पण शेवटचा टप्पा, लाँगइयरब्येन ते नी-ओलेसुंड, हा डॉर्नियर २२८ या छोट्या विमानाचा आहे आणि त्यात माणशी वीस किलो सामान चालतं. जाता जाता, हीच विमानं परवान्यावर कानपूरला एचएएलच्या कारखान्यातही बनतात. त्या धावपट्टीवर त्यात चढताना मला उगाच घरच्यासारखं वाटलं.

वीस किलोत कपडे, बूट, लॅपटॉप आणि उपकरणं बसवणं म्हणजे एसटीच्या शेवटच्या बाकावर पाचवा माणूस बसवणं. म्हणून जड उपकरणं, बाटल्या, खोकी हे सगळं आधीच मालवाहतुकीने पाठवायचं. त्याची वेळापत्रकं एनसीपीओआरकडे विचारा आणि तुमची पेटी तुमच्यापेक्षा बऱ्याच आधी निघेल असंच धरून चाला.

बॅटऱ्या: सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत. १०० वॅट-तासांपर्यंत विचारावं लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी आणि जास्तीत जास्त दोनच. फिल्डमधल्या लॉगरच्या (मोजमापं आपोआप नोंदवणाऱ्या यंत्राच्या) बॅटऱ्या यात सहज अडकतात. बॅटरीवर आकडा छापलेला नसेल तर डेटाशीटचं पान सोबत ठेवा.

रसायनं: इथेनॉल, फॉर्मॅलिन, आम्लं चेक-इन बॅगेत टाकायची नाहीत. ‘थोडंसंच आहे’ हे उत्तर सुरक्षा तपासणीत चालत नाही. ती तिकडेच मिळवायची किंवा धोकादायक माल म्हणून रीतसर पाठवायची.

भारतातून निघताना महागडी उपकरणं विमानतळावर कस्टम्सला दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या. परत येताना ‘हे तिकडून विकत आणलं का’ या प्रश्नाला तेवढाच कागद उत्तर देतो. कस्टम्सच्या टेबलासाठी वेळ हाताशी ठेवा, रात्री दोन वाजता तिथे कुणी घाईत नसतं.

कपड्यांबद्दल एकच नियम: अंगाला लागून सुती काही नको. सुती कापड घामाने भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. आत मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. मोहिमेतून कोणते कपडे मिळणार ते आधी विचारा, नाहीतर त्याच वजनाचं जॅकेट दोनदा न्याल. जुलैत सरासरी तापमान पाच-सहा अंशांच्या आसपास असतं. गारठा वाऱ्याचा आणि ओलीचा असतो. बर्फाचे भारी बूट घेणाऱ्यांना मी सांगेन, आधी गुडघ्यापर्यंतचे चांगले गमबूट घ्या. हिमनदीकडे जाताना वितळलेल्या पाण्याचे ओढे आणि चिखल तुडवावा लागतो, आणि पाऊल एकदा भिजलं की तो दिवस संपला. झोपायला डोळ्यांवरची काळी पट्टी हवीच, रात्री दोन वाजता खिडकीत दुपारचं ऊन असतं.

आता खाणं. जेवण गावाच्या मेसमध्ये असतं आणि ते चांगलं असतं. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहा. तरी आईने दिलेला डबा येतोच. लक्षात ठेवा: नॉर्वेत युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या, सगळं ऑस्लोत टोपलीत जाणार. मेतकूट, लसणाची कोरडी चटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि घट्ट झाकणाचं लोणचं नेता येतं. मेतकुटाला वजन नाही आणि मेसच्या भाताला चव येते.

५. रेडिओ शांतता: फोन बंद म्हणजे बंद

नी-ओलेसुंडभोवती २० किलोमीटरच्या परिसरात वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. २ ते ३२ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात काहीही प्रक्षेपित करायचं नाही. कारण गावाजवळच्या भूमापन वेधशाळेतल्या रेडिओ दुर्बिणी अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्वेसारांचे अतिक्षीण संकेत टिपतात. त्यांवरून पृथ्वीचं फिरणं आणि भूखंडांचं सरकणं मोजलं जातं. तुमच्या मनगटावरचं घड्याळ त्यापुढे भोंग्यासारखं ठरतं.

यावर सगळे मान डोलावतात आणि तरीही तिथे गेल्यावर गोंधळ होतो, कारण ब्लूटूथ कशाकशात दडलेलं असतं ते माहीत नसतं. माउस, हेडफोन, स्मार्ट घड्याळ, कॅमेरा, काही डेटा लॉगर, हातात धरायचे जीपीएस. निघण्यापूर्वी घरी बसून एकेक उपकरण उघडा आणि सेटिंग बंद करून बघा. ज्या लॉगरमधून डेटा फक्त ब्लूटूथनेच निघतो तो इथे निरुपयोगी आहे, केबलने चालणारा घ्या. इंटरनेट केबलने मिळतं. नव्या पातळ लॅपटॉपला ते भोक नसतं, म्हणून यूएसबीला लावायचा इथरनेट अडॅप्टर न्या. तो तिथे कुणी उसना देत नाही, प्रत्येकाला स्वतःचा लागत असतो. तीन पिनांचा आपला प्लगही तिथे बसत नाही, दोन गोल पिनांचा अडॅप्टर घ्या.

घरच्यांना सांगून ठेवा की व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा दिसल्या नाहीत तरी सगळं ठीक आहे.

६. प्रवास: एक रात्र हाताशी

मुंबई, मग आखात किंवा युरोपातलं एखादं शहर, ऑस्लो, लाँगइयरब्येन (कधी थेट, कधी ट्रॉम्सोवरून). ऑस्लोत बॅग स्वतः उचलून कस्टम्समधून न्यायची की ती पुढे जाते, हे मुंबईतच काउंटरला विचारा. धुक्यामुळे नी-ओलेसुंडचं छोटं विमान उडत नाही असं वारंवार घडतं, म्हणून जाताना आणि येताना लाँगइयरब्येनमध्ये किमान एक रात्र मोकळी ठेवा. परतीचं मुंबईचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. राहून गेलेली खरेदी इथेच करा, पुढे एक लहानसं दुकान आहे आणि तेही ठरावीक वेळीच उघडतं.

हवा स्वच्छ असेल तर ती २५ मिनिटं खिडकीपाशी बसा.

७. पोहोचल्यावर: दार, बूट आणि बंदूक

इमारतीत शिरताना बूट काढायचे. आपल्याला यात नवल नाही, खाणकामगारांच्या कोळशाने माखलेल्या बुटांपासून ही रीत पडली म्हणतात. दारांना कुलूप घालायचं नाही. अचानक अस्वल समोर आलं तर जवळच्या कुठल्याही घरात शिरता यावं म्हणून.

पहिल्या एक-दोन दिवसांत सुरक्षेचं प्रशिक्षण असतं. ते झाल्याशिवाय वस्तीच्या हद्दीबाहेर पडता येत नाही. गावाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक गटात बंदूक चालवायला शिकलेला माणूस लागतो. तुम्ही आयुष्यात बंदूक धरलेली नसेल, तरी हरकत नाही. शिकवतात. वजन, खांद्याला बसणारा धक्का आणि कानठळ्या, तिन्हींची तयारी ठेवा. क्रम नीट पाठ करा: आधी अस्वल दुरून दिसेल अशी नजर ठेवायची, दिसलं तर मागे फिरायचं, येतच राहिलं तर आवाजाच्या फ्लेअरने पळवून लावायचं, गोळी अगदी शेवटी आणि फक्त जीव वाचवण्यासाठी. अस्वल १९७३ पासून संरक्षित आहे. २०२५ पासून अंतराचा नियमही कडक झाला आहे: किमान ३०० मीटर दूर राहायचं आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५००. फोटोसाठी जवळ जाणं हा तिथे गुन्हा आहे.

बाहेर पडताना कुठे जातो आणि कधी परतणार याची नोंद करायची, वॉकी-टॉकी घ्यायचा, परतल्यावर नोंद पुसायची. नोंद पुसायला विसरलात तर तुम्हाला शोधायला माणसं निघतील.

अस्वल दिसेल न दिसेल, पण आर्क्टिक टर्न भेटणारच, आपल्या नदीकाठच्या सुरयाच्या जातकुळीतला पक्षी. जूनच्या अखेरीपासून ते रस्त्याच्या कडेला खडीवरच अंडी घालतात आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर सूर मारतात. ‘किर्रर्र’ असा कर्कश आवाज अगदी कानाशी येतो, आणि मान वर करेपर्यंत टोपीवर टोच बसलेली असते. जोर एवढा, की टोपी नसेल तर रक्त निघतं. त्यांची झेप नेहमी सगळ्यात उंच गोष्टीवर असते, म्हणून एक काठी डोक्याच्या वर धरून चालायचं. दरवर्षी ध्रुवापासून ध्रुवापर्यंत उडणारा हा एवढासा जीव सगळ्या गावाला हातात काठ्या धरायला लावतो, हे बघण्यासारखं असतं.

कोल्हा कितीही माणसाळलेला वाटला तरी त्याला खायला घालू नका, स्वालबार्डमध्ये रेबीज आहे. आणि जमिनीवर पडलेला गंजका खिळासुद्धा उचलू नका. १९४६ पूर्वीची माणसाने केलेली प्रत्येक खूण तिथे कायद्याने संरक्षित आहे.

दात दुखत असतील तर भारतातच दाखवून या. मोठं दुखणं निघालं तर लाँगइयरब्येनचं लहान इस्पितळ, आणि त्याहून मोठं असेल तर ट्रॉम्सो.

८. परतीचं सामान

सॅम्पल हे तुमच्या मोहिमेचं फळ, पण बहुतेकजण त्याचा विचार शेवटच्या आठवड्यात करतात. गोठवलेली सॅम्पल ड्राय आइसमध्ये न्यायची असतील तर प्रवाशाला विमान कंपनीच्या परवानगीने अडीच किलोपर्यंतच ड्राय आइस नेता येतो. मुंबईपर्यंतच्या टप्प्यांत तो उडून जाण्याचाच संभव जास्त, म्हणून गोठवलेलं सामान कार्गोने पाठवणं बरं. माती आणत असाल तर भारतात ती आणण्याची परवानगी जाण्यापूर्वीच काढलेली असली पाहिजे, वनस्पती संगरोधाचे नियम मातीलाही लागू आहेत. जमेल ते तिथेच गाळा, वाळवा, मोजा. गाळणीचे कागद दोन किलोत मावतात, त्याच पाण्याच्या बाटल्या नाहीत.

प्रत्येक बाटलीवर पेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहा, आणि तीच यादी वहीत. थंडीत चिकटपट्टीची लेबलं सुटतात.

सगळे बोर्डिंग पास जपून ठेवा, डॉर्नियरचा काही कागद मिळाला तर तोही. टीए बिलाला ते लागतात, आणि ‘नी-ओलेसुंड हे गाव नक्की कुठे आहे’ हे अकाउंट्स विभागाला समजावताना सोबत नकाशाची एक झेरॉक्सही जोडा.